ख्रिस्तपुराणातला ‘संगम’ नेमका कुठे शोधायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी तुम्ही फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण, म्हणजे बायबलची कथा मराठी ओव्यांत सांगणारा ग्रंथ, घेतलं आहे. मार्गदर्शकांनी ‘यातला दोन संस्कृतींचा संगम दाखवा’ असं सांगितलं. तुम्ही वैकुंठ, मोक्ष, परमेश्वर, पुराण असे शब्द वेचून लांबलचक यादी केलीत आणि आता तिचं पुढे काय करायचं ते सुचत नाही. त्यात वर्गमित्र म्हणतो की संगम वगैरे काही नाही, हे धर्मांतराचं हत्यार होतं. दोघांपैकी कोणाचं खरं मानायचं?

प्राचीन मराठी शिकवण्यातच माझी नोकरी गेली आणि या ग्रंथावरचे बरेच प्रबंध माझ्या नजरेखालून गेले. बहुतेकांची सुरुवात अशाच यादीने होते आणि बहुतेक जण इथेच अडकतात. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी यादीबद्दल. ती फाडू नका, पण तिच्यावर प्रबंध उभा करू नका. याचं पहिलं कारण अगदी व्यवहारातलं आहे. ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यात रायतूरला रोमन लिपीत छापलं गेलं. पुढे १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा छापलं गेलं. या तिन्हींपैकी एकही छापील प्रत आज हाताशी नाही. आपण जे वाचतो ते हस्तलिखितांवरून आलेलं आहे. १९०७ मध्ये जे. एल. साल्ढाणा यांनी मंगळूरला रोमन लिपीतली आवृत्ती काढली. १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी पुण्यात देवनागरी आवृत्ती काढली. तिसरं म्हणजे लंडनच्या मार्सडेन संग्रहातलं देवनागरी हस्तलिखित. साल्ढाणांच्या पाठात जिथे पोर्तुगीज-लॅटिन वळणाचे ख्रिस्ती शब्द येतात, तिथे मार्सडेन प्रतीत पुष्कळदा संस्कृत शब्द दिसतात. मूळ पाठ कोणता, यावर अभ्यासकांत वाद आहे. म्हणजे तुमची यादी कुठली प्रत हातात आहे यावर बदलते. एका प्रतीवरून ‘कवीने पोर्तुगीज संज्ञा राखल्या’ असा निष्कर्ष निघेल, तर दुसरीवरून ‘कवीने संस्कृत संज्ञा घडवल्या’ असा. ज्या पुराव्याचा निकाल प्रत बदलली की फिरतो, त्यावर एवढं मोठं विधान टाकू नये.

दोन्ही प्रतींत जे बदलत नाही ते पाहायला हवं: ओवी, पुराणाची मांडणी, श्रोता-वक्त्याची चौकट, मंगलाचरण, भाषेची स्तुती. कवीने परकी परंपरा किती आत घेतली हे शब्दांपेक्षा या घाटावरून, म्हणजे रचनेच्या साच्यावरून, जास्त कळतं. आणि त्याच घाटात त्याने काय येऊ दिलं नाही, ते त्याहून जास्त बोलकं असतं. विद्यार्थ्यांना मी नेहमी हेच सांगत आले: घेतलेल्याची यादी करता, तशी नाकारलेल्याचीही करा.

आता एक ओवी जवळून पाहू. ग्रंथाची पहिलीच.

ॐ नमो विश्वभरिता ।
देवा बापा सर्वसमर्था ।
परमेश्वरा सत्यवंता ।
स्वर्गपृथ्वीच्या रचणारा ॥

रोमन पाठात सुरुवात ‘वो नमो’ अशी आहे. ही ओवी मोठ्याने म्हणा आणि लगेच ज्ञानेश्वरीची पहिली ओवी म्हणा: ‘ॐ नमो जी आद्या । वेद प्रतिपाद्या । जय जय स्वसंवेद्या । आत्मरूपा ॥’ पहिल्या तीन चरणांना यमक, चौथा मोकळा. सगळी ओवी संबोधनाची, क्रियापद नावाला नाही, एकामागून एक हाका. हा घाट स्टीफन्स यांनी पुस्तकातून नियम पाठ करून उचललेला वाटत नाही, तो कानात मुरलेला आहे. वर्गात मी कवीचं नाव न सांगता ही ओवी वाचून दाखवत असे. ऐकणाऱ्याला ती हमखास कुठल्यातरी संताची वाटते.

आता अर्थाकडे या. देव, बाप, सर्वसमर्थ, स्वर्ग आणि पृथ्वीचा निर्माता. ख्रिस्ती घरात वाढलेल्या कुणालाही विचारा, तो लगेच सांगेल की ही प्रेषितांच्या विश्वासांगीकाराची, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धा जाहीर करणाऱ्या प्रार्थनेची, पहिली ओळ आहे, चर्चमध्ये दर रविवारी म्हणतात तीच. रोमच्या चर्चचा गाभ्याचा सिद्धांत जसाच्या तसा उचलून ओवीच्या घाटात बसवला आहे. एक अक्षरही सैल सोडलेलं नाही.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो चौथा चरण. ज्ञानेश्वरांच्या ओवीत त्या मोकळ्या, यमकाबाहेरच्या जागी ‘आत्मरूपा’ येतं. ज्याला नमन करायचं तो माझ्याच आत्म्याचं रूप. स्टीफन्स यांच्या ओवीत नेमक्या त्याच जागी ‘रचणारा’ येतं. म्हणजे घडवणारा वेगळा आणि घडलेलं वेगळं. दोन धर्मविचारांतली सगळ्यात खोल फट त्या एका चरणात आहे, आणि ओवीचा घाट मात्र तसूभर हललेला नाही. पुढे ज्ञानेश्वर गणेश, शारदा, गुरू असे जातात. स्टीफन्स हा क्रम ओळखतात, नमनांची माळ तशीच ओवतात, पण तिथे बाप, पुत्र, पवित्र आत्मा आणि मरियम येतात. गणेशाला आणि शारदेला दार बंद आहे.

म्हणून ‘संगम’ हा शब्द मी जपून वापरते. संगमात दोन्ही पाणी एकमेकांत मिसळतं, वेगळं काढता येत नाही. इथे थर वेगळे काढता येतात. घाटाचा थर पूर्ण उघडा आहे, कवीने स्वतःला त्यात झोकून दिलं आहे. सिद्धांताचा थर कडीकोयंडा लावून बंद आहे. तुमच्या प्रबंधाला खरा प्रश्न इथून मिळतो: एका थरात इतका मोकळा असलेला माणूस दुसऱ्यात इतका कडेकोट कसा, आणि त्या ताणातून कविता काय झाली?

उत्तराची सुरुवात माणसापासून करा. स्टीफन्स इंग्रज, विल्टशरचे, येशूसंघाचे, म्हणजे जेझुइट, पाद्री. १५७९ च्या ऑक्टोबरात लिस्बनहून गोव्याला पोचले आणि १६१९ मध्ये गोव्यातच वारले. मधली चाळीस वर्षं बहुतांश दक्षिण गोव्यातल्या सासष्टीत गेली. १५८३ मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी इथल्या भाषांची घडण ग्रीक-लॅटिनशी जुळते असं नोंदवलं आहे. तुलनात्मक भाषाशास्त्र जन्मायच्या कितीतरी आधीचं हे निरीक्षण. १६०८ च्या पत्रात त्यांनी वरिष्ठांकडे इथल्या लिपीतले खिळे पाडण्याची विनंती केली. ती पुरी झाली नाही, म्हणून ग्रंथ रोमनमध्ये गेला. कोकणीचं त्यांनी लिहिलेलं व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर, १६४० मध्ये छापलं गेलं. ते भारतीय भाषेचं पहिलं छापील व्याकरण मानलं जातं.

इथे एक गोष्ट अनेक प्रबंधांतून निसटते. त्याच स्टीफन्स यांनी ख्रिस्ती सिद्धांताची प्रश्नोत्तरं कोकणीत लिहिली आणि पुराण मराठीत. ही आवडनिवड नव्हती. सासष्टीच्या माणसाची घरची बोली कोकणी होती, पण पुराण, कीर्तन, पोथी ऐकायची भाषा मराठी होती. शिकवायचं तेव्हा एक भाषा, ऐकून हेलावायचं तेव्हा दुसरी. ही विभागणी त्यांनी ओळखली आणि पाळली. इथल्या परंपरेचा त्यांनी केलेला सगळ्यात मोठा स्वीकार मला हा वाटतो, आणि तो कुठल्याही शब्दांच्या यादीत सापडणार नाही. आणखी पुढे जाऊन ते प्रास्ताविकात सांगतात की निव्वळ शुद्ध मराठी सामान्य लोकांना कळणार नाही, म्हणून ठिकठिकाणी ब्राह्मणांच्या बोलीतले, म्हणजे तिथल्या कोकणीतले, शब्द मिसळून कवित्व सोपं केलं आहे. मिश्रणाबद्दल खुद्द कवीचा कबुलीजबाब मिळतो, असं भाग्य अभ्यासकाच्या वाट्याला क्वचित येतं. तो उतारा पूर्ण उद्धृत करा.

मराठीच्या स्तुतीच्या ओव्यांबद्दल मला थोडं जास्त बोलायचं आहे, कारण त्या आपल्याकडे भाषादिनाच्या भाषणांत आणि फलकांवर इतक्या वापरल्या गेल्या की त्या कुठून आल्या हे कुणी पाहतच नाही.

जैसी पुष्पांमाजि पुष्प मोगरी ।
कीं परिमळांमाजि कस्तुरी ।
तैसी भासांमाजि साजिरी ।
मराठिया ॥

पुढे पक्ष्यांमध्ये मोर, वृक्षांमध्ये कल्पतरू, ताऱ्यांमध्ये बारा राशी, सात वारांमध्ये रवी आणि शशी. हे वळण कुठलं? गीतेचा दहावा अध्याय उघडा. नक्षत्रांमध्ये मी चंद्र, वृक्षांमध्ये अश्वत्थ, पक्ष्यांमध्ये गरुड. ‘अमुकांमध्ये तमुक’ ही विभूतियोगाची मांडणी ज्ञानेश्वरीतून आणि पुढच्या टीकांतून मराठी कानांना परिचित होती. स्टीफन्स यांनी ती थेट गीतेवरून घेतली असा माझा दावा नाही. ओवी-पुराणांच्या हवेत ती होती आणि त्यांनी तिथून उचलली, एवढंच मी म्हणेन. पण पाहा त्यांनी काय केलं. गीतेत हे वळण देवाच्या विभूती सांगतं. स्टीफन्स यांनी ते देवासाठी न वापरता भाषेसाठी वापरलं. त्यांच्या देवाला मोगऱ्यात आणि मोरात विभूतिरूपाने मांडणं त्यांच्या सिद्धांताला परवडलं नसतं. भाषेला मांडायला काहीच आडकाठी नव्हती. वळण राहिलं, विषय बदलला, आणि त्या बदललेल्या विषयावर त्यांनी सगळा जीव ओतला. शिवाय ग्रंथारंभी आपल्या भाषेची बाजू मांडणं हाही इथलाच रिवाज. अमृताशी पैज लावणारे ज्ञानेश्वर आणि संस्कृत देवाने केली तर प्राकृत काय चोरांनी केली, असं विचारणारे एकनाथ त्यांच्या आधी होऊन गेले होते. एकनाथ तर त्यांचे समकालीनच. परक्या मुलखातून आलेल्या माणसाने हा रिवाज इतक्या प्रेमाने चालवला, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

आता तुमच्या मित्राच्या मुद्द्याकडे. तो निराधार नाही, आणि प्रबंधात त्याला तळटीपेत ढकलू नका. गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, बसलं. १५६७ मध्ये सासष्टीतली देवळं पाडली गेली. इथले ग्रंथ जप्त होत होते. काही पोथ्या येशूसंघीयांच्या हाती आल्या आणि त्यांनी त्या अभ्यासल्या. पोर्तुगालमध्ये ब्रागाच्या ग्रंथालयात रामायण-महाभारताच्या कथांची रोमन लिपीत उतरवलेली जी मराठी-कोकणी हस्तलिखितं आहेत, ती याच काळाची खूण. म्हणजे ज्या पुराणांचा घाट स्टीफन्स यांनी आत्मसात केला, ती पुराणं बाळगणं त्यांच्या श्रोत्यांना मना होतं.

आणि हे ग्रंथातच लिहिलेलं आहे. पहिल्या अवस्वरूत, म्हणजे अध्यायात, सासष्टीतल्या पाद्रीला एक नवख्रिस्ती ब्राह्मण विचारतो की आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हाला दुसरी का देत नाही? पाद्रीला हा प्रश्न पटतो आणि तिथून कथा सुरू होते. श्रोत्याने शंका विचारायची आणि वक्त्याने पुराण सांगायचं, ही चौकट आपल्याकडच्या प्रत्येक पुराणाची. पण इतर पुराणांत श्रोता जिज्ञासेने विचारतो, इथे तो हिरावलेल्या गोष्टीची भरपाई मागतो. सुमारे ११ हजार ओव्यांचा हा ग्रंथ त्या मागणीचं उत्तर आहे. इतकी स्पष्ट जागा असताना अनेक समीक्षक ती ‘सुंदर कथाप्रसंग’ म्हणून ओलांडतात, याचं मला दुःख होतं. त्या ब्राह्मणाच्या प्रश्नात नुकसानही आहे आणि भूकही आहे. संगम म्हणणारे नुकसान पाहत नाहीत. हत्यार म्हणणाऱ्यांना भूक दिसत नाही.

कारण पुढे काय झालं तेही पाहायला हवं. १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने फर्मान काढून स्थानिक भाषेच्या वापरावर बंदी आणली. ज्या सत्तेच्या छत्राखाली हा ग्रंथ झाला तिलाच ही भाषा नको झाली. तरी ग्रंथ तगला. छापील प्रती गेल्या, पण गोव्याहून कर्नाटक किनाऱ्याकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी हस्तलिखितं जपली आणि उपवासकाळात त्याचं वाचन-गायन चालू ठेवलं. साल्ढाणांची आवृत्ती मंगळूरला निघाली ती त्यामुळेच. निव्वळ हत्यार असतं तर हुकूम करणाऱ्यांची गरज संपल्यावर लोकांनी ते इतकी वर्षं कवटाळून ठेवलं नसतं. ते त्यांचं पुराण झालं होतं.

तुम्ही एकाच कवीवर लिहिताय, तरी शेजारी दुसरा कवी ठेवलात तर पहिला नीट दिसतो. मी सुचवेन नारायण वामन टिळक. जन्म १८६१, करजगावचा. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. इथे प्रवास उलट्या दिशेचा आहे. स्टीफन्स धर्म घेऊन आले आणि घाट शिकले. टिळकांचा घाट, भाषा आणि भक्ती जन्माची होती, धर्म त्यांनी मागाहून स्वीकारला. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असं ते सांगत. म्हणून त्यांच्या अभंगांत ती कडी दिसत नाही. ख्रिस्त त्यांच्याकडे माउली होऊन येऊ शकतो, कवी ‘दास म्हणे’ अशी मुद्रा लावतो, विठ्ठलाशी भांडावं तसा हट्ट करू शकतो. स्टीफन्स यांना ओवी साधली, पण देवाशी असं लडिवाळ भांडण त्यांच्याकडे मी तरी वाचलेलं नाही. घाट शिकता येतो, ही लगट शिकून येत नसावी. टिळकांनी ख्रिस्तायन हे ख्रिस्तचरित्रही ओवीतच आरंभलं. ते अपुरं राहिलं आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरं केलं.

श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचं नाव मात्र तुमच्या प्रबंधात उगाच आणू नका. ‘शेख महंमद अविंध । त्याचे हृदयीं गोविंद’ हा चरण संगमावरच्या प्रत्येक निबंधात येतो. सतराव्या शतकातला हा सूफी-वारकरी कवी फार मोठा आहे, पण तिथे दोन्ही परंपरा एकाच घरात नांदत होत्या. त्याची पद्धत निराळी आणि त्याला निराळा प्रबंध हवा. माधव जूलियन यांनी फारसी गज्जल मराठीत आणली तिथे तर घाटच बाहेरून आला होता. तोही वेगळा विषय.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. रोमन पाठ सराईतपणे वाचता येत नसेल तर सगळा ग्रंथ तपासण्याच्या फंदात पडू नका. बंडेलूंच्या आवृत्तीवर काम करा आणि तसं पहिल्या पानावर नमूद करा. ग्रंथाचे पहिलं पुराण आणि दुसरं पुराण असे दोन भाग आहेत. लघुप्रबंधाला पहिल्या पुराणाचा पहिला अवस्वरू आणि दुसऱ्या पुराणातला एखादा भावनेचा प्रसंग एवढं पुरे आहे. दुसऱ्यासाठी क्रुसाजवळचा मरियेचा विलाप घ्या. तो निवडायचं कारण असं की तिथे सिद्धांताला फारसं काम नाही, आई रडते आहे. कडी तिथे सैल होते का, इथल्या विलापाची वळणं आत शिरतात का, हे तुम्ही स्वतः तपासा. माझं मत मी मुद्दाम सांगत नाही, कारण तुमच्या प्रबंधाचा तो सगळ्यात स्वतंत्र भाग होऊ शकतो.

वाचताना मोठ्याने वाचा, आणि शेजारी एकनाथी भागवताचं एखादं पान ठेवा. दोन्हींत यमक कुठे पडतं, श्रोत्याला हाक कधी मारली जाते, उपमा सलग किती येतात, हे वहीत टिपा. मग प्रत्येक ठिकाणी विचारा: हे इथून घेतलं, तर याच्यासोबत येणारं दुसरं काय मागे ठेवलं?

मार्गदर्शकांना ‘संगम’ हवाच असेल तर शीर्षकात राहू द्या आणि पहिल्याच प्रकरणात त्याची मर्यादा सांगा. शब्दांची यादी परिशिष्टात घाला, प्रत्येक शब्दापुढे आवृत्ती आणि ओवीक्रमांक देऊन. मार्सडेन पाठाशी ताडून पाहिलेले शब्द वेगळ्या रकान्यात ठेवा, म्हणजे पुढे कुणी याच ग्रंथावर काम केलं तर त्याला ते वापरता येईल.